कौलारू घराची पन्हळ ओसंडते, जोत्याला ओल येते. नक्की काय बदलू?

कातळवाट

लांजा तालुक्यातलं घर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढच्या बाजूचं पाखं 40 फूट लांब आणि जमिनीवर मोजलं तर 15 फूट रुंद. त्याला पत्र्याची चौकोनी पन्हळ आहे, 6 इंच रुंद आणि 4 इंच खोल, एकसलग 40 फूट. पाणी उतरायला उजव्या टोकाला एकच 3 इंची पीव्हीसी पाईप आहे. मागच्या पाख्याला पन्हळ नाही, पागोळ्या सरळ खाली पडतात.

जोराच्या सरीत उजव्या अर्ध्या भागात पन्हळ ओसंडते. निम्मं पाणी पुढे अंगणात पडतं, निम्मं मागून भिंतीवर येतं. डावीकडे पाऊस थांबल्यावरही बोटभर पाणी साचून राहतं. पाईप जोत्यापासून वीतभर अंतरावर सोडलाय. आतून त्या कोपऱ्यातली भिंत अडीच-तीन फुटांपर्यंत ओली असते आणि गिलावा फुगलाय. शेजारी आंबा आणि फणस आहे, पाला भरपूर पडतो.

मृगाच्या आत काम उरकायचंय. विचारायचं ते असं: पन्हळ मोठी करू की पाईप वाढवू? पत्राच ठेवू की पीव्हीसी घेऊ? वर जाळी बसवावी का? आणि हे पाणी विहिरीत सोडलं तर चालेल का?

पागोळी

आधी पाण्याचा हिशोब करा, पन्हळ नंतर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं पाखं 40 गुणिले 15, म्हणजे 600 चौरस फूट, साधारण 56 चौरस मीटर. कोकणात जोराच्या सरीसाठी ताशी 150 मिमी हा वेग धरावा. दिवसभराचा पाऊस इथे कामाचा नाही, पन्हळ ओसंडते ती दहा-पंधरा मिनिटांच्या सरीत. 56 गुणिले 150 म्हणजे तासाला 8,400 लिटर, मिनिटाला 140 लिटर. दर मिनिटाला नऊ-दहा बादल्या त्या एका 3 इंची पाईपच्या तोंडाशी येतायत.

छपराच्या पाण्याच्या पाईपांसाठी भारतीय मानकात तक्ता आहे. ताशी 150 मिमी पावसाला 75 मिमीचा पाईप 13.6 चौरस मीटर छपराला पुरतो, 100 मिमीचा 28.5 ला आणि 150 मिमीचा 83.6 ला. म्हणजे तुमचा पाईप छपराच्या जेमतेम पाव भागाला पुरेसा आहे. पन्हळ कितीही मोठी केलीत तरी ओसंडणारच, फक्त दोन मिनिटं उशिरा.

व्यास 75 चा 100 केला की क्षमता दुपटीहून जास्त वाढते, हे तक्त्यात दिसतंच. म्हणून 3 इंचीचे दोन लावण्यापेक्षा 4 इंचीचा एक बरा, आणि तुम्हाला 4 इंचीचे दोन हवेत. दुकानात 110 मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा) पाईप मागा. त्यात ए आणि बी असे दोन प्रकार येतात, पावसाच्या पाण्याला ए चालतो.

ओळंबा

पागोळींच्या हिशोबात एक भर. तो हिशोब पाऊस सरळ पडतो असं धरून आहे. आपल्याकडे तो वाऱ्यासोबत तिरका येतो आणि उभ्या उताराच्या पाख्यावर जास्त आदळतो. त्यासाठी पाख्याची उभी उंची गुणिले लांबी, त्याचं निम्मं क्षेत्र वर मिळवतात. 15 फूट रुंदीला 30 अंशांचा उतार धरला तर उंची साडेआठ-नऊ फूट. म्हणजे आणखी सुमारे 16 चौरस मीटर, एकूण 72. दोन पाईपांवर प्रत्येकी 36 येतात. तक्त्यापेक्षा हे जास्त आहे, म्हणून पाईपची जागा आणि तोंड या दोन गोष्टी नीट करायला हव्यात.

जागा: दोन्ही पाईप टोकांना लावू नका. डावीकडून 10 फुटांवर एक आणि 30 फुटांवर दुसरा लावा. असं केलं की प्रत्येक पाईपकडे दोन्ही बाजूंनी 10-10 फुटांचं पाणी येतं आणि पन्हळीच्या कुठल्याही भागाला एकूण पाण्याचा चौथा हिस्साच वाहावा लागतो. तुमची सध्याची 6 बाय 4 ची पन्हळ त्याला आरामात पुरते. ती बदलायची गरज नाही.

उताराचं गणितही इथेच सुटतं. पन्हळीला 200 ला 1 उतार पुरतो, 10 फुटांना 15 मिमी. एकाच टोकाला पाईप ठेवला तर 40 फुटांत 60 मिमी उतरावं लागतं. मग खालच्या टोकाला पन्हळ कौलापासून एवढी खाली जाते की पाणी तिच्यावरून उडतं. ते टाळायला कारागीर पन्हळ सपाट लावतात, आणि डावीकडे बोटभर पाणी साचतं ते त्यामुळेच. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आठवडा-दहा दिवसांत पूर्ण वाढतात, त्यामुळे हा प्रश्न फक्त गंजाचा नाही.

तोंड: पाईपमध्ये किती पाणी जाईल हे पाईपपेक्षा त्याचं तोंड ठरवतं. पन्हळीच्या तळाला 110 चं भोक पाडून पाईप खुपसला की पाणी कडेवरून आत घरंगळतं, मध्ये हवा अडकते आणि गुडगुड आवाज येतो. त्याऐवजी पत्र्याची पेटी करून घ्या: वर 10 इंच बाय 6 इंच, खोली 8 इंच, खाली निमुळती होत 4 इंची नळीला मिळणारी. पन्हळीचं पाणी पेटीत पडतं, पेटीत त्याची उंची वाढते आणि त्या दाबाने पाईप भरून वाहतो. पाईपचं टोक पन्हळीच्या तळाच्या वर एक सूतही राहता कामा नये. राहिलं तर तेवढं पाणी कायम साचतं आणि पत्रा तिथेच आधी सडतो.

आता भिंतीवर येणारं पाणी. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा निदान 15 मिमी खाली हवी. तुंबली तरी पाणी अंगणात पडेल, भिंतीवर नाही. तुमच्याकडे दोन्ही कडा एका पातळीत असाव्यात, किंवा पन्हळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्या वाकून ती भिंतीकडे कललेली असेल. पाण्याने भरलेली 6 बाय 4 ची पन्हळ एका मीटरला 15 किलो भरते. 40 फुटांची भरली की 185 किलो होतात, ओला पाला वेगळा. एवढं वजन रिपांना, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना, मारलेल्या कड्या पेलत नाहीत. कडी वाशाला लागली पाहिजे, दोन स्क्रूंनी, दर अडीच फुटांवर. पेटीच्या दोन्ही बाजूंना एक-एक जास्त. कडीची पट्टी 25 बाय 5 मिमीची घ्या.

वाशाची टोकं आधी तपासा. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला तर ते लाकूड गेलंय. त्यावर नवी कडी मारण्यात अर्थ नाही, वाशाच्या कडेने दोन-अडीच फुटांचा जोडवासा बोल्टने लावून घ्या.

कौलाची शेवटची ओळ पन्हळीवर किती येते तेही मोजा. पन्हळीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे 2 इंच, ठीक. 4 इंच आलं तर जोराचं पाणी पन्हळ ओलांडून जातं. अर्धा इंचच आलं तर हलक्या सरीत पाणी कौलाच्या खालून उलटं येऊन वाशांच्या तोंडावरची फळी भिजवतं. तिथे 6 इंच रुंदीची पत्र्याची पट्टी कौलाखाली सरकवून तिचं टोक पन्हळीत वाकवा.

कातळवाट

खूप आभार, दोघांचेही. मोजलं. कौल पन्हळीवर पावणेचार इंच येतंय, आणि कड्या खरोखरच रिपांना आहेत. पन्हळ ठेवायची ठरली तर जुन्या सांध्यांचं काय करू? चार-पाच ठिकाणी गंजून भोकं पडलीत, त्यावर डांबर फासलेलं आहे.

झिंकपत्रा

भोकं फक्त सांध्यांवर असतील तर पन्हळ वाचते. मधल्या सलग पत्र्याला टोचून पाहा. तिथे जस्ताचा राखाडी थर असेल तर ठेवा. तळात लांबच लांब लाल गंज असेल तर डागडुजी एक पावसाळा टिकेल, मग नवीनच करा, 22 गेजच्या जस्ती पत्र्याची.

सांध्यांसाठी क्रम असा. डांबर खरवडून काढा, तारेच्या ब्रशने घासा, रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दोन तुकडे एकमेकांवर 2 इंच चढवायचे, वरच्या अंगाचा तुकडा आत आणि पाणी जाणाऱ्या दिशेचा बाहेरून. उलटं केलं तर पाणी सांध्यात शिरतं. दोन पत्र्यांच्या मध्ये सीलंटच्या दोन रेघा, मग रिव्हेटच्या दोन ओळी, एकेक इंचावर, एकमेकांच्या फटीत येतील अशा. शेवटी आतून सांध्यावर आणि प्रत्येक रिव्हेटवर सीलंट बोटाने दाबून फिरवा. सीलंट फक्त वरून फासलं तर पत्रा उन्हात ताणला-आखडला की सुटतं. दोन पत्र्यांच्या मध्ये दाबलेलं सुटत नाही.

सीलंट घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन जस्ती पत्र्याला लावू नये, त्यातलं ॲसिड जस्त खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. सिमेंटचा गिलावाही पन्हळीला लावू नका. ओलं सिमेंट जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं, भिंतीत खुपसलेली पन्हळ बरोबर त्या रेषेवर सडते.

पेटीसाठी भोक पाडताना ग्राइंडर वापरू देऊ नका. त्याच्या ठिणग्या पत्र्यावर चिकटतात आणि पंधरा दिवसांत प्रत्येक ठिणगीच्या जागी गंजाचा ठिपका उठतो. पत्रा-कात्रीने कापा, कापलेल्या कडेला झिंकयुक्त रंगाचे दोन हात.

पत्रा की पीव्हीसी? समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असतात तर पीव्हीसी सांगितलं असतं, खाऱ्या वाऱ्यात जस्त टिकत नाही. लांज्याला पत्रा चालतो. पीव्हीसी घेतलंच तर पन्हळ म्हणून बनवलेलं घ्या. 6 इंची पाईप उभा चिरून पन्हळ करण्याची पद्धत गावोगाव आहे, पण चिरलेला पाईप आत मिटतो, उन्हात आणखी मिटतो आणि दोन कड्यांच्या मध्ये झोळ येतो. करायचीच तर कडी दर दोन फुटांवर आणि वरून कडा ताणून धरणारी पट्टी हवी. शिवाय पीव्हीसी एका मीटरला, एका अंश तापमानाला 0.06 ते 0.07 मिमी वाढतं. 6 मीटरची पन्हळ सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत सुमारे एक सेंटिमीटर सरकते. सगळे सांधे सोल्युशनने पक्के केले तर कुठेतरी तडा जाणारच. रबराच्या वायसरचे सरकते सांधे ठेवा.

फणसपाला

जाळीबद्दल. पन्हळीवर सलग बसवायची बारीक जाळी कोकणात बसवू नका. आंब्याचा मोहोर, कौलावरचं शेवाळ आणि कोळ्यांची जाळी मिळून तिच्यावर थर बसतो आणि जोराचं पाणी त्या थरावरून घसरून थेट अंगणात जातं. वर साफ करायला आधी जाळी काढावी लागते, म्हणून साफसफाईही होत नाही.

पेटीच्या तोंडाशी मात्र जाळी हवीच. सपाट नको. दोन फणसाची पानं सपाट जाळीवर पडली की भोक बंद. तारेचा घुमट हवा, निदान 5-6 इंच उंच, तारांमध्ये बोट जाईल एवढी फट. पानं खाली बसतात, पाणी वरच्या भागातून जातं. स्टेनलेस स्टीलची तार घ्या आणि घुमट एका साखळीने पन्हळीला बांधून ठेवा, माकडं उचलून नेतात.

साफसफाई चार वेळा. मेच्या शेवटी सगळ्यात मोठी, मोहोर आणि उन्हाळ्यातला पाला तेव्हा तयार असतो. दुसरी पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर. ही सगळे चुकवतात आणि हीच महत्त्वाची, कारण कौलांवर वर्षभर साठलेली माती आणि शेवाळ या पावसात पन्हळीत उतरतं. तिसरी गणपतीच्या आधी, चौथी दिवाळीला. कचरा हाताने किंवा प्लास्टिकच्या सुपलीने उचला. फावड्याने खरवडलं तर जस्त निघतं. तो पाण्याने पाईपमध्ये ढकलू नका, खालच्या बेंडमध्ये गोळा होऊन दगड बनतो.

झाल्यावर डाव्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि बघत उभे राहा. पाणी जिथे रेंगाळेल तिथे कडी खाली बसलीय. चिखलाची सुकलेली रेघही तेच सांगते.

आंब्याची छपरावर आलेली फांदी 6 फूट मागे छाटा. पाल्याचा निम्मा त्रास तिथेच कमी होतो, आणि माकडांचा रस्ताही तुटतो.

शिडी पन्हळीला टेकवू नका, वाशाला किंवा भिंतीला टेकवा. उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतकं अंतर पायथ्याशी सोडा. खाली एक माणूस धरायला हवाच. घरात येणारी विजेची तार त्या बाजूने असेल तर आधी मेन स्विच बंद करून भागत नाही, ती तार खांबावरून चालूच असते. तिच्यापासून लांब राहा.

जोतेबंद

सगळे वर बघतायत, तुमची ओल खालची आहे. आधी ती कुठली ते ओळखा. वरून खाली ओघळ आणि काळ्या-हिरव्या रेघा असतील तर पन्हळीच्या मागचं पाणी. जोत्यापासून दीड फुटापर्यंत बाहेरून मातीचे शिंतोडे असतील तर पागोळ्यांचा मार. आणि आतून तीन फुटांपर्यंत, वरची कड नागमोडी, पांढरी खार फुटलेली, गिलावा फुगलेला, पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरातही न वाळणारी, तर ती पायातून चढलेली ओल. जांभा सच्छिद्र दगड आहे, वातीसारखं पाणी वर ओढतो. तुम्ही वर्णन केलंय ते तिसरं. प्रत्येक सरीत शेकडो लिटर पाणी जोत्यापासून वीतभर अंतरावर ओतल्यावर दुसरं काय होणार.

उपाय पाईपच्या पायथ्याशी आहे. पाईप खाली आला की 90 अंशांचा बेंड लावू नका, 45 अंशांचे दोन लावा, त्यातला खालचा दार असलेला. तुंबलं तर दार उघडून काठी घालता येते. क्लॅम्प दर 5-6 फुटांवर, भिंतीपासून इंचभर सुटे, म्हणजे पाईप गळला तरी भिंत भिजत नाही. तिथून पाणी उघड्या पाटात घ्या, 9 इंच रुंद, 6 इंच खोल, 100 ला 1 उतार, आणि घरापासून निदान 10 फूट लांब, उताराच्या बाजूला सोडा. पाट उघडाच बरा. जमिनीत पुरलेला पाईप पाल्याने कधी भरला ते कळतच नाही.

जोत्याला लागून 3 फूट रुंदीची फरसबंदी करा, बाहेर 2 इंच उतार देऊन. जोतं आणि फरसबंदीचा सांधा सिमेंटने गच्च भरू नका, अर्ध्या इंचाची फट ठेवून बिटुमेन भरा. सिमेंट तिथे हमखास चिरतं आणि पाणी नेमकं पायात जातं. अंगणाची माती दरवर्षी सारवून-भर घालून वर येत असेल तर ती खाली उतरवा. जोतं अंगणापासून निदान दीड फूट वर दिसलं पाहिजे.

आतला फुगलेला गिलावा या वर्षी काढा, पण नवा पुढच्या फेब्रुवारी-मार्चशिवाय करू नका. भिंत एक उन्हाळा-हिवाळा उघडी राहिली तर वाळते. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग मारला तर पाणी आत कोंडून आणखी वर चढतं.

मागच्या पाख्याला पन्हळ नाही, ती लावूही नका. छप्पर भिंतीपुढे अडीच फूट असेल तर पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवर दीड फूट रुंद, फूटभर खोल चर घेऊन त्यात मोठी खडी भरा, तळाला उतार. शिंतोडे उडत नाहीत, साफसफाई नाही, गंजायला काही नाही.

कातळवाट

फूटभर बाहेर आलेली ओटी आहे पुढे, तिच्यावरून पाईप कसा नेऊ? आणि विहिरीचं राहिलं.

ओळंबा

ओटीवरून पाईप आडवा नेऊच नका. 10 आणि 30 फुटांच्या जागा दोन-तीन फूट इकडे-तिकडे सरकल्या तरी चालतं, वाशाप्रमाणे आणि ओटीप्रमाणे जुळवून घ्या. पेटीखाली पाईप सरळ ओळंब्यात उतरला पाहिजे. छपराची कड भिंतीपुढे असल्यामुळे वर एक तिरका तुकडा लागेलच, तोही 45 च्या दोन बेंडांनी. ओटीचं स्वतंत्र छप्पर खाली असेल तर वरचा पाईप त्या छपरावर सोडू नका. सगळं पाणी एकाच ओळीतल्या कौलांवर आदळतं आणि खालची पन्हळ त्या पाण्यासाठी केलेली नसते.

कौल पावणेचार इंच पुढे येतंय, तेव्हा कौल कापू नका. नवीन कड्या दीड-दोन इंच जास्त पुढे घेऊन पन्हळच बाहेर सरकवा.

पागोळी

विहिरीचं. जुलैत तुमची विहीर तशीही काठाला येत असेल तर छपराचं पाणी तिच्यात सोडून उन्हाळ्याला काही उरत नाही, जांभ्यातून ते जानेवारीपर्यंत निघून जातं. त्यापेक्षा 5-10 हजार लिटरची टाकी भरून ऑक्टोबरनंतर भांडी-बागेला वापरली तर हिशोबात बसतं. 56 चौरस मीटरवर 100 मिमी पाऊस पडला की साडेपाच हजार लिटर येतात, म्हणजे टाकी परतीच्या पावसातही भरते.

विहीर भरत नसेल आणि सोडायचंच असेल तर एकाच पाईपचं पाणी घ्या, दुसरं पाटात. पहिलं पाणी बाजूला जायला हवं, पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ त्यात असते. 28 चौरस मीटरला पहिला 1 मिमी म्हणजे 28 लिटर. 160 मिमीचा पाईप मीटरला सुमारे 18 लिटर धरतो, तेव्हा दीड मीटरचा उभा तुकडा, तळाला झाकण आणि त्यात 4 मिमीचं भोक. हा तुकडा भरला की पुढचं पाणी आपोआप वरून गाळणीकडे वळतं, आणि पाऊस थांबल्यावर भोकातून तुकडा रिकामा होतो. भोक दर आठवड्याला तारेने मोकळं करावं लागतं. गाळणीचा खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल, खाली 40 मिमी खडी, मध्ये बारीक खडी, वर जाडी वाळू. जोराच्या सरीत वाळू सगळं पाणी घेत नाही, म्हणून खड्ड्याला वरच्या बाजूला 4 इंची ओव्हरफ्लो ठेवून तो पाटाला जोडा. तो ठेवला नाही तर पाणी उलटं चढून पेटीपर्यंत येतं आणि पन्हळ परत ओसंडते.